नाल्यापलीकडचं तोरण

रविवार, २७ जुलै

भर दुपारी तांड्यात फटाके वाजले. दिवाळीला तीन महिने आहेत, लग्नसराई उलटून गेली, निवडणूक कुठे दिसत नाही. रूपला बैलांना पाणी पाजत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, मंजूच्या मोबाइलवर कागद आला, जांभूळ तांड्याची आता स्वतंत्र ग्रामपंचायत झाली. आणि हसला. माझ्या गोठ्यात उभा राहून, माझ्याकडे सालानं राहणारा माणूस माझ्यासमोर हसला.

सहा वर्षं हे लोक वाशिमच्या चकरा मारत होते. मला वाटायचं, फिरून फिरून दमतील आणि गप्प बसतील. एकशे अकरा घरांचा तांडा, त्याला कशाला पाहिजे वेगळी ग्रामपंचायत? आमच्या टेंभुर्णा ग्रामपंचायतीखाली सुखानं नांदत होते. टँकर आला की आधी गावात आणि उरलं तर तांड्यात, हे खरं आहे. पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

या तांड्याच्या शाळेत मी बावीस वर्षं काढली. मंजूला बाराखडी मीच शिकवली. आता केनवडला तिचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, आणि माझ्याच अक्षरांनी तिनं आमच्या गावाविरुद्ध अर्ज लिहिले. करावं तसं भरावं म्हणतात. मी शिकवलं म्हणून मी भरतो आहे.

निवृत्त झाल्यावर मी नाल्याच्या तांड्याकडच्या काठाला, शाळेपासून दोनशे पावलांवर, आमच्या वडिलोपार्जित शेतात घर बांधलं. गावातले म्हणाले, तांड्याला खेटून कशाला जाता? मी म्हणालो, शेत टेंभुर्णेकराचं, म्हणजे घर टेंभुर्ण्यातलंच. शेजार कोणाचा का असेना.

संध्याकाळी विजयमाला तांड्याचा प्रमुख देवला नाईक याच्या घरी जाऊन पेढा खाऊन आली. नवऱ्याच्या गावाचा लचका तुटला आणि बायको पेढा खाते. बोललो तिला. ती म्हणाली, पेढा ताजा होता.

बुधवार, ३० जुलै

गणेश आला होता. माझा चुलतभाऊ, टेंभुर्ण्याचा सरपंच. तांडा सुटल्याचं त्यालाही लागलं आहे. दोन कप चहा झाला तरी तोच विषय. तांड्याची मतं गेली, तांड्याच्या नावावर येणारा निधी गेला. मी म्हटलं, निधीचं सोड, हा मानाचा प्रश्न आहे.

जाता जाता म्हणाला की त्यानं रिसोडच्या बाजारातून नवी जोडी आणली. पांढरीशुभ्र, शिंगं एका मापाची. ज्याच्या दारात दोन ट्रॅक्टर उभे आहेत त्यानं बैल घ्यावेत, याचं मला कौतुक वाटलं. त्याला उशिरा का होईना, बैलांचा लळा लागला. पोळा तीन आठवड्यांवर आहे.

आमच्याकडे शेतात आता ट्रॅक्टरच चालतो. पवळ्या आणि हरण्या मी ठेवले आहेत ते केवळ पोळ्यासाठी. टेंभुर्ण्याच्या तोरणाखाली पहिली जोडी आमच्या घराची. आजोबांची, मग वडिलांची, आणि गेली एकतीस वर्षं माझी. तोरण तोडायचा मानही आमचाच. ते तुटलं की पोळा फुटतो, मग बाकीच्यांनी आपापले बैल हाकायचे. तांड्याच्या जोड्या सगळ्यात मागे, खळ्याच्या कडेला. शेवटी कोणाला तरी उभं राहावंच लागतं. माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, तुमच्याकडे आता मानाचं काही उरलं असेल तर तेवढा पोळाच. लोक मला मास्तर म्हणतात. पोळ्याच्या दिवशी मानकरी म्हणतात.

शनिवार, २ ऑगस्ट

दोन माणसं आली, हातात यादी आणि लाल रंगाचा डबा. मी अंघोळीला होतो तेवढ्यात माझ्या फाटकावर एकशे बारा असा आकडा रंगवून गेले. नवीन रंगवलेलं फाटक. नळयोजनेचं असेल, नाहीतर जनगणनेचं. सरकारला दुसऱ्याची फाटकं फार आवडतात. थिनर लावून पुसून काढलं. रूपला फडका धरून उभा होता. त्याला म्हटलं, हसतोस काय? तो म्हणाला, हसून नाई राह्यलो, मास्तर.

पुसूनही तांबूस दिसतो आकडा.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज मन हलकं झालं. मारुतीच्या पारावर गावबैठक झाली आणि तांड्याला जशास तसं उत्तर दिलं.

मी मुद्दा मांडला तो असा, की वेगळं व्हायचं तर पुरतं वेगळं व्हावं. घर वेगळं मागायचं आणि भाकर आईच्या चुलीवर भाजायची, हे चालणार नाही. त्यांना आता आमचा पोळा नको, आमचं गायरान नको, मारुतीच्या भंडाऱ्यात पंगत नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव लिहायला माझ्याइतकं अक्षर गावात कोणाचं नाही, म्हणून वही माझ्यापुढे आली. मी लिहिलं: नव्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबास टेंभुर्णा गावच्या पोळ्यात, गायरानात व देवकार्यात कोणताही मान वा हक्क राहणार नाही.

गणेश म्हणाला, दादा, शेवटी ‘यास अपवाद नाही’ हेबी लिवा. कायदा कसा पक्का पाह्यजे. मला त्याची बारीक नजर आवडली. लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली. बेचाळीस सह्या झाल्या, पहिली माझी.

घरी येऊन विजयमालाला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “अवो, आपलं घर नाल्याच्या कोन्या आंगाले हाय?”

मी तिला समजावलं की हद्द ही नाल्यानं ठरत नसते, मालकीनं ठरते. शेत कोणाचं, तर आमचं. आम्ही कोण, तर टेंभुर्णेकर. तिला हे एवढं साधं कळत नाही, आणि चूक तिची नाही, तिनं भूगोल मॅट्रिकला सोडला होता.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. तांड्यात तीजही सुरू झाली. पोरी टोपल्यांत गहू पेरतात आणि रोज नाईकाच्या दारी पाणी घालताना गातात. आज तर फार वेळ चाललं. मला त्यांची भाषा येत नाही. बावीस वर्षांत कधी गरज पडली नाही, शाळेत मराठीच बोलायचं असा माझा नियम होता. विजयमाला आतून गुणगुणत होती. काय गातात विचारलं, तर म्हणाली, नवं गाणं आहे, गाव मिळाल्याचं. अजून काय म्हणतात? म्हणाली, तुमी कायले विचारता, तुमाले राग येईन.

मी पुढे विचारलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सकाळी मंजू आणि देवला नाईक दारात. देवला माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पांढरा पटका, काठी. तो कधी बोलत नाही फारसं. मंजूच बोलली. उद्या शाळेच्या मैदानात ग्रामपंचायतीचं पहिलं झेंडावंदन आहे. मी जुना मास्तर म्हणून दोन शब्द बोलावेत.

मी विचारलं, काय बोलू? माझं गाव तुम्ही फोडलंत, याबद्दल अभिनंदन करू? मग मी बोलत गेलो. शाळेला छप्पर कोणी मिळवून दिलं, सातवीपर्यंतची वर्गमान्यता कोणाच्या खटपटीनं आली. चाळीस वर्षं ज्या गावानं सांभाळलं त्याला लाथ मारून निघालात, उद्या रस्ता खचला तर कोणाकडे जाल?

देवला खाली बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मास्तर, या वर्षी मंजूच्या पोरीसाठी दाखला आनाले मी पाच डाव टेंभुर्ण्यात गेलो. पाची डाव शिपायानं भायेर बसवलं. आता मी माह्या गावात बसीन. खचला त खचला रस्ता.”

मी म्हटलं, मग बसा. आणि आत आलो. विजयमालानं त्यांना चहा दिला, तोही ओसरीवर बसवून, माझ्या खुर्चीच्या शेजारी.

शुक्रवार, १५ ऑगस्ट



मैदानावर जायचं नाही हे ठरलं होतं. टेंभुर्ण्याच्या झेंडावंदनाला जावं म्हणून निघालो तर नाल्याच्या फरशीपुलावर ट्रॅक्टर, मोटरसायकली, बाहेरगावचे पाहुणे. वाट मिळेना. परत आलो आणि गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. पाहायला नव्हे. पण गच्चीवरून मैदान सरळ दिसतं, त्याला मी काय करू?

लग्नाला लाजवील असा थाट. पताका, गुलाल, डीजे. म्हाताऱ्या बायांनी पेटीतले आरशांचे घागरे काढले होते, हातभर बलोयांच्या बांगड्या घातल्या होत्या. तीजेच्या टोपल्या शाळेसमोर रांगेत मांडलेल्या, चार-चार बोटं वाढलेले हिरवे पोपटी गहू. रिसोडहून आलेल्या साहेबानं झेंडा फडकवला. राष्ट्रगीत झालं तेव्हा मी गच्चीवर एकटा उभा राहिलो. ते कुठेही असलं तरी उभं राहावंच लागतं.

मग शाळेच्या भिंतीवरचा फलक उघडला. ग्रामपंचायत जांभूळ तांडा. माणसं रडत होती, मी स्पष्ट पाहिलं. मोठे बाप्ये. एका फलकासाठी रडतात. मला हसू येईना आणि ते का येईना हेही कळेना.

मंजूनं माइक घेतला आणि नव्या गावाची यादी वाचायला सुरुवात केली. घर क्रमांक एक, देवला नाईक. टाळ्या. घर क्रमांक दोन. टाळ्या. प्रत्येक घराला टाळ्या. एकट्या विधवेचं घर असलं तर तिचं नाव पूर्ण वाचत होती, आणि त्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावत होत्या. मी चुका शोधत मोजत बसलो. नावं बरोबर लिहायला मीच शिकवलं होतं तिला, तरी मोजत होतो. रूपलाचं नाव एकोणसत्तरावं आलं. त्याला नाचवलं लोकांनी.

एकशे अकरा झाले. यादी संपली म्हणून मी जिन्याकडे वळलो.

“घर क्रमांक एकशे बारा. शालिग्राम गुरुजी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक.”

टाळी वाजली नाही. इतक्या वेळात पहिल्यांदा मैदान गप्प झालं. कोणीतरी फिसकन हसलं. सगळी डोकी गच्चीकडे वळली आणि मी जिन्याच्या तोंडाशी, एक पाय खाली, एक वर. मग एकटीच टाळी वाजली. बायांच्या घोळक्यातून. विजयमाला होती. ती तिथे कधी गेली होती?

शनिवार, १६ ऑगस्ट

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडताच गणेशकडे गेलो. म्हटलं, काहीतरी घोटाळा झाला, नकाशा करताना माझा शेताचा गट तांड्यात गेला. तू सरपंच आहेस, पत्र दे. आणि पोळ्याच्या बाबतीत तो ठराव मला लागू नाही, एवढं बैठकीत बोलून टाक.

तो बैलांना खरारा करत होता. खरारा थांबवला नाही. म्हणाला, “दादा, अक्षर तुमचंच हाय. सही तुमची पयली. अपवाद नाई, खाली दोन रेघा. आता मी तुमाले सूट देली त उद्या लोक मले काय म्हनतीन? ठराव काई माह्या एकट्याचा हाय काय?”

मी म्हटलं, मग तोरणाखाली पहिली जोडी कोणाची? तो म्हणाला, तुमच्यामागे घरात मोठा मीच. आणि पांढऱ्या बैलाच्या पाठीवर थाप मारली.

वाटेत आठवत गेलो. ‘अपवाद नाही’ कोणी लिहायला लावलं होतं. बैल कधी आणले होते. बावीस वर्षं पोरांना उत्तरपत्रिका तपासून दिल्या, आणि समोरचं उत्तर मला दिसलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विजयमालाला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत होते. तिनं नुसतं ताट वाढलं. तिनं बोलायला पाहिजे होतं.

सोमवार, १८ ऑगस्ट

रिसोडला जाऊन आलो. एसटीत उभा राहून. कचेरीत एका कारकुनानं नकाशा उघडून दाखवला. लाल रेघ नाल्यावरून सरळ जाते आणि माझा अख्खा गट तांड्याच्या बाजूला पडतो. मालकी कोणाची याचा तिथे काही संबंध नाही. म्हटलं, मला कोणी विचारलं का? तो म्हणाला, मार्चमध्ये हरकती मागवल्या होत्या, महिनाभर नोटीस शाळेच्या फळ्यावर होती.

होती. मला ती आठवते. रोज सकाळी फिरायला जाताना दिसायची. मंजूनं लावलेला कागद म्हणून मी एक दिवसही वाचला नाही.

कारकून भला माणूस होता. म्हणाला, गुरुजी, तुमी शिकलेले, तुमचं असं कसं झालं? यापेक्षा त्यानं हाकलून दिलं असतं तर बरं.

मी ठरवलं आहे. गावाला मी जन्मापासून ओळखतो. कागद कागदाच्या जागी. पोळ्याच्या दिवशी मी जोडी घेऊन उभा राहिलो की मला हात धरून बाजूला करायची कोणाची छाती होणार नाही. मी गेलो की त्यांची पोरं उठून खुर्ची देतात.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज खांदशेकणी. पवळ्या-हरण्याच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. पवळ्याला आता डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. तरी हात ओळखतो.

अंधार पडायच्या आधी देवला आला. यावेळी एकटा. ओसरीवर चढला नाही, अंगणातूनच सांगितलं. तांड्यात उद्या पहिल्यांदा आपलं तोरण बांधणार, चार वाजता, शाळेसमोर. गावात बारा जोड्या आहेत. बारावी माझी.

मी विचारलं, बारावी म्हणजे?

तो म्हणाला, “घर शेवटचं, जोडी शेवटची. जो मागून आला तो मांगं उभा राह्यते. आमी लय वर्स उभे राह्यलो.”

मी सांगितलं की माझी जोडी टेंभुर्ण्यात पहिली उभी राहील, तुमच्या अकरा जोड्यांच्या शेपटाला बांधायला मी ती पोसलेली नाही. वर हेही सांगितलं की तोरण बांधल्यानं गाव होत नसतं. त्याचा चेहरा हलला नाही. नाईकाचं काम आवतण द्यायचं, म्हणाला, ते मी देलं. आणि काठी टेकत गेला.

रूपला गोठ्यातून ऐकत होता. म्हणाला, मास्तर, मी उद्या नाल्यापर्यंत येईन, फुडं तुमचं तुमी पाहा.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

तीन वाजता निघालो. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. विजयमालानं ओवाळलं. नाल्याच्या फरशीवर रूपलानं कासरे माझ्या हातात दिले आणि मागे वळला. एकटा दोन बैल घेऊन मी टेंभुर्ण्याच्या वेशीत शिरलो.

तोरणाखाली गणेशची पांढरी जोडी उभी. मारुतीच्या खांबाला माझा ठराव टांगलेला, प्लास्टिकच्या कव्हरात घालून. माझंच अक्षर, दुहेरी रेघ. मी सरळ पुढे चाललो. गर्दीनं वाट दिली नाही, अडवलंही नाही. माणसं नुसती उभी राहिली होती तशी राहिली. ज्यांच्याबरोबर मी आयुष्यभर पारावर बसलो ते दोघे तंबाखू मळत दुसरीकडे पाहत होते. कोणाची छाती होणार नाही असं मी लिहिलं होतं. छातीची गरजच पडली नाही.

गणेश आला, हात जोडले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दादा, परगावची जोडी तोरनात घेता येत नाई. गावठराव हाय.” मी त्याला विचारलं, मी परगावचा? तो म्हणाला, तुमीच लिवलं.

आणि मागून झडती आली. पोळ्यात झडत्या होतातच, एकमेकांना टोमणे मारायचा तो दिवसच आहे. दर वर्षी तांड्यावरची झडती मी रचायचो, आणि गाव हसून लोळायचं. गेल्या वर्षीची टँकरवरची होती. आजची ही:

गोल गोल अक्षर, कोरी कोरी वई,
मास्तरच्या जोडीले गावच नाई.

गाव हसलं. माझ्या झडत्यांना हसायचं तसंच, त्याच आवाजात. हरण्या बुजला. मी कासरा ओढला, बैल वळवले. मागे ‘हर हर महादेव’ झालं, तोरण तुटल्याचा गलका झाला. मी वळून पाहिलं नाही.

परतीचा रस्ता एवढा लांब कधी वाटला नव्हता. सजवलेली जोडी घेऊन पोळ्याच्या दिवशी माणूस एकटा रस्त्यानं चालला की प्रत्येक मोटरसायकलवाला मान वळवून पाहतो. मला रडू आलं. इथे खोटं कशाला लिहू, फरशीवर थांबून बैलाच्या झुलीत तोंड खुपसून रडलो. पाच वाजून गेले होते. वाटलं, तांड्याचाही पोळा केव्हाच फुटला असेल, कडेकडेनं घरी जावं, कोणी पाहू नये.

नाला चढून वर आलो तर मैदान भरलेलं. अकरा जोड्या रांगेत, बैल पाय आपटत होते, फेस गाळत होते. माणसं घामेजलेली, वैतागलेली. तोरण तसंच, आंब्याच्या डहाळ्या उन्हानं मलूल झालेल्या. मला पाहून कोणी हसलं नाही. बादल म्हणून एक तरणा गडी मोठ्यानं म्हणाला, “आला एकदाचा. दीड तास झाला उभे हाओत याच्यापायी.” दुसरा कोणी त्यांच्या भाषेत काही बोलला. शिवी असावी.

मी देवलाला म्हटलं, थांबायचं कारण नव्हतं. मी येणार नाही असं सांगितलं होतं.

तो म्हणाला, “तुमच्यासाठी नाई थांबलो, मास्तर. गावातली एक जोडी बाकी होती.”

आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, तो माझ्याशी इतकं एका दमात बोलला. “मी पंचवीस वर्साचा होतो तवा पोळ्याले नाल्याले पूर आला होता. माह्या बापानं छातीइतक्या पान्यातून जोडी आनली. आमी पोचलो त तुमी तोरन तोडून घरी गेल्ते. माहा बाप भरल्या डोयानं तसाच वापस आला, अन् सजवलेले बैल तसेच खुट्याले बांधले. मी तवाच ठरवलं का माह्या गावात जोडी मोजल्याबिगर तोरन तुटनार नाई. मंग ते कोनाचीबी असो.”

मला असं काही झाल्याचं आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. पूर आठवतो, उशीर झालेला आठवतो, घरी पुरणपोळ्या गार होत असलेल्या आठवतात. मागे कोणी राहिलं होतं का, ते आठवत नाही. पण तोरण तोडायचा मान आमचा होता, तेव्हा तोडलं असेल तर ते माझ्याच घरानं.

बादलनं तोंड वाकडं करून आपली जोडी हातभर पुढे सरकवली. मागे जागा झाली. मी पवळ्या-हरण्याला तिथे उभं केलं. शेवटी उभं राहिलं की पुढचं काही दिसत नाही, नुसत्या बैलांच्या पाठी आणि शेपट्या. तोरण तुटलेलं मी पाहिलं नाही, आवाज ऐकला.

शनिवार, २३ ऑगस्ट

उशिरा उठलो. विजयमालानं बैलांना कालची पुरणपोळी घातली होती. तांड्यात माझ्याशी कोणी बोललं नाही. सकाळी फिरायला गेलो तर बादलनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला त्याचं काही नाही. मीही त्याला पाहिलं नाही.

पण एक गोष्ट सकाळपासून डोक्यात आहे. घर क्रमांकानं जोड्या लावायच्या ही पद्धत साफ चूक आहे. आकडा रंगवायला माणूस ज्या वाटेनं आला तीच बैलांची पायरी, हे कुठलं शास्त्र? जोड्या बैलांच्या वयानं लावल्या पाहिजेत. पवळ्या सोळा वर्षांचा आहे, हरण्या पंधराचा. तांड्यात इतकं म्हातारं जनावर दुसरं कोणाकडे नाही, मी काल मागून सगळ्यांची शिंगं पाहिली. वयानं लावलं तर पहिली नाही म्हणत, पण बारावी तर नक्कीच नाही.

जेवण झाल्यावर फुलस्केप कागद काढला. चांगल्या अक्षरात सविस्तर अर्ज लिहिला. विजयमालानं विचारलं, कोणावर तक्रार करता आता? मी तिला वाचू दिला. ‘प्रति, ग्रामपंचायत जांभूळ तांडा’ पाहून तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि कागद परत दिला.

सही केली. खाली ‘राहणार’ लिहिलं आणि हात सवयीनं ‘टेंभुर्णा’ लिहून गेला. ते खोडावं लागलं. खाडाखोड मला खपत नाही, म्हणून नवा कागद घेतला आणि पूर्ण अर्ज पुन्हा उतरवून काढला. परगावच्या माणसाचा अर्ज ग्रामपंचायत घेत नाही, एवढं मला कळतं.